गाडी उभी राहते, पण थांबा नाही : एका स्थानकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण कोकणातल्या एका लहान स्थानकाचं आहे. स्थानक, गाडी आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गावच्या प्रवासी मंडळाने बंद पडलेली पॅसेंजरची सोय परत मिळवण्यासाठी जो खटाटोप केला, त्याची ही हकिगत.

कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत जाते आणि जानेवारी 1998 पासून ती सलग सुरू आहे. रोहा ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरचा तुकडा 2021 मध्ये दुहेरी झाला. बाकी मार्ग बहुतांशी एकेरीच आहे. समोरून गाडी आली की एकीने कुठेतरी बाजूला होऊन वाट द्यायची. हे क्रॉसिंग जिथे होतं तिथे मुख्य रुळाला लागून एक जादा रूळ असतो, लूप. कोण बाजूला होणार हे ठरलेलं असतं. राजधानी, वंदे भारत, मांडवी एक्स्प्रेस जातात सरळ, पॅसेंजर जाते लुपात. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ‘क्रॉसिंग लागलंय’ म्हटलं की तो डब्यातून उतरून पाय मोकळे करतो.

आपलं स्थानक अशांपैकीच. आधी क्रॉसिंगची सोय म्हणून त्याचं महत्त्व, प्रवासी नंतर. तरी सकाळची एक पॅसेंजर तिथे अधिकृतपणे थांबायची आणि रात्री परतताना पुन्हा थांबायची. तालुक्याच्या कॉलेजात जाणारी पोरं, बाजाराला भाजी-नारळ नेणाऱ्या बायका, कोर्टकचेरीची कामं असणारे, दवाखान्याला निघालेले म्हातारे, असा तिचा गोतावळा. एसटी होती, पण ती वाडी-वाडी फिरून जायची. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम 2011 पासून चाललंय. त्यामुळे रस्त्याने वेळेवर पोचण्याची खात्री देण्याच्या भानगडीत गावात कोणी पडत नसे.

मार्च 2020 मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. पुढे त्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या, पण जशा गेल्या तशा परत आल्या नाहीत. लांबच्या पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचं नाव आणि एक्स्प्रेसचं भाडं लागलं. 10 रुपयांचं किमान तिकीट 30 रुपये झालं आणि साध्या गाड्यांचं जुनं भाडं फेब्रुवारी 2024 मध्ये परत आलं. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी थेट दादरला जायची, ती ठाण्याजवळच्या दिवा स्थानकावरच संपू लागली. देशात ठिकठिकाणी लहान स्थानकांवरचे थांबे गळाले. आपल्या स्थानकाचा थांबाही त्यातच गेला. गाडी परत आली, वेळापत्रकात स्थानकाचं नाव मात्र आलं नाही.

अडचण

गंमत अशी की गाडी थांबायची तरीही. थांबा नव्हता, क्रॉसिंग होतं. समोरून येणाऱ्या एक्स्प्रेसची नेमकी याच सुमाराला इथे गाठ पडायची, त्यामुळे सकाळची गाडी लुपात येऊन उभी राहायची. कधी पाच मिनिटं, कधी वीस. लोक चढायचे, उतरायचे. स्टेशनमास्तर कधी ओरडायचे, कधी दुसरीकडे बघायचे.

तिकिटाची पंचाईत होती. जिथे थांबाच नाही तिथून या गाडीचं तिकीट कसं मिळणार? मग कोणी पुढच्या स्थानकाचं तिकीट आधी कोणाकडून तरी आणून ठेवायचं, कोणी मोबाइलवर शेजारच्या स्थानकापासूनचं काढायचं. कोणी काढायचंच नाही.

त्याहून वाईट गोष्ट फलाटाची. स्थानकाला फलाट एकाच बाजूला आहे. गाडी फलाटाच्या रुळावर घेतली तर ठीक. दुसऱ्या रुळावर घेतली की डब्याची पायरी आणि खालची खडी यांच्यात बरंच अंतर. मंडळातल्या एकाने मोबाइलवर काढलेला एक व्हिडिओ फाइलसोबत आहे. एक बाई आधी खाली उतरते, दांडा धरून, पाठमोरी, पाय चाचपत. मग वरून दुसरी तिच्या डोक्यावर नारळाची पाटी टेकवते. पाटीखालची चुंबळ घसरते, ती बाई एका हाताने पाटी आणि एका हाताने चुंबळ सावरते, आणि मागे सिग्नल पिवळा होतो. एवढंच. नंतरच्या सगळ्या पत्रव्यवहारापेक्षा या व्हिडिओचा जास्त उपयोग झाला, असं माझं मत आहे. तो बाहेर काढायचा की नाही यावरून मंडळात बरंच वाजलं होतं, ते पुढे येईल.

हा जुगाड चालला होता तोपर्यंत कोणालाच अर्ज करायची घाई नव्हती. “गाडी रोज उभी रवता मा? मगे आमी उतारलो तर काय चुकला?” हा एका काकींचा सवाल. त्याला त्या वेळी कोणाकडे उत्तर नव्हतं.

उत्तर पावसाने दिलं. कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक असतं. वर्षानुवर्षं ते 10 जून ते 31 ऑक्टोबर असं चालत आलं. 2025 मध्ये ते 15 जून ते 20 ऑक्टोबर असं आखडलं. दरडींचा धोका असतो, म्हणून वेग कमी होतो, गाड्यांच्या वेळा बदलतात. वेळा बदलल्या की क्रॉसिंगची ठिकाणंही बदलतात. या हकिगतीतल्या त्या पावसाळ्यात एक्स्प्रेसची गाठ दोन स्थानकं अलीकडेच पडू लागली. पावसाळी वेळापत्रकाच्या पहिल्याच सकाळी छत्र्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांसमोरून गाडी न थांबता निघून गेली. दुसऱ्या दिवशीही. गावाचा समज होता की आपल्याकडे सोय आहे. होता तो फक्त योगायोग.

त्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या सभागृहात बैठक झाली आणि प्रवासी मंडळ उभं राहिलं. अध्यक्ष झाले एक निवृत्त मुख्याध्यापक. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मीही तेच म्हणतो.

पहिला पेच : मागायचं काय

थांबा मागायचा हे सर्वांना मान्य होतं. कोणत्या गाडीचा, यावर पहिल्या तीन बैठका गेल्या.

कोकणातल्या बहुतेक गावांची दोन मंडळं असतात, एक गावातलं आणि एक मुंबईतलं. देवळाचा जीर्णोद्धार असो की शाळेचं छप्पर, पैसा मुंबई मंडळाकडून येतो, आणि पैशाबरोबर मतही येतं. मुंबईकरांना हवा होता रात्रीच्या एक्स्प्रेसचा थांबा. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात गावी यायचं तर मोठ्या स्थानकावर पहाटे उतरून रिक्षावाल्याला तोंड मागेल ते द्यावं लागतं, ही त्यांची तक्रार खरीच होती. पत्रक, बॅनर, खासदारांची भेट, सगळा खर्च उचलायला ते तयार होते.

गावात राहणाऱ्यांना रोज लागत होती सकाळची पॅसेंजर. त्यांच्याकडे पैसा नव्हता आणि बैठकीत बोलायची सवयही नव्हती. बाजाराला जाणाऱ्या बायका बैठकीला आल्या त्या मागच्या बाकावर बसल्या.

दोन्ही मागावं, असा तिसरा सूर होता. तोच सगळ्यात लोकप्रिय होता आणि माझ्या मते सगळ्यात घातक. एका लहान स्थानकाने एका अर्जात चार गाड्यांचे थांबे मागितले की वाचणारा पहिल्या ओळीतच अर्ज बाजूला ठेवतो. एकेरी मार्गावर थांबा फुकट नसतो. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिली तरी आधी वेग कमी करणं आणि नंतर पुन्हा घेणं धरून त्याहून जास्त वेळ जातो. एक्स्प्रेसचा वेळ गेला की पुढच्या क्रॉसिंगला समोरची गाडी ताटकळते. पॅसेंजरचं तसं नाही. ती जिथे आधीच वाट देण्यासाठी उभी राहते, तिथे थांबा दिल्याने रेल्वेचं जवळपास काहीच जात नाही.

गुरुजींनी हाच मुद्दा धरला. फळ्यावर त्यांनी गाडीचा मार्ग काढला, क्रॉसिंगच्या जागी खुणा केल्या आणि म्हणाले, “आपण रेल्वेकडे नवं काही मागत नाही. ती सात-आठ महिने जे करते, ते कागदावर आणा, एवढंच म्हणतोय.” मुंबई मंडळाचे सचिव नाराज झाले. एक्स्प्रेसची मागणी पुढच्या वर्षी वेगळ्या अर्जाने करू, या शब्दावर ते थांबले. पैसा मात्र आटला.

दुसरा पेच : मार्ग कोणता

पुढचा वाद नेहमीचा. रेल रोको करायचा का?

तरुणांचा कल तिकडे होता. कोकणात आंदोलनाला इतिहास आहे. ही रेल्वेच मुळात मागून मागून मिळाली आहे. राजापूरचे खासदार मधु दंडवते यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना 1990 मध्ये स्वतंत्र महामंडळ उभं राहिलं, तेव्हा कुठे रूळ पडायची चिन्हं दिसली. पण रेल्वे कायद्याच्या कलम 174 खाली गाडी अडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावातली पोरं पोलीस भरतीची, बँकेच्या परीक्षांची तयारी करतात. नावावर गुन्हा लागला की त्यांचं पुढचं सगळं अडकतं. हे एका वकिलांनी समजावल्यावर आवाज खाली आला. शिवाय अडवणार कोणती गाडी? आपलीच पॅसेंजर अडवून काय साधणार, आणि एक्स्प्रेस अडवली तर चिडणार तेही आपलेच चाकरमानी.

कोर्टात जायचा विचार एका बैठकीपुरता टिकला. थांबा द्यावा की नाही हा कारभाराचा निर्णय. त्यात कोर्टाने हात घालावा अशी अपेक्षा ठेवून वर्षं घालवण्यात अर्थ नव्हता.

खासदारांचं पत्र घ्यायचं, हे ठरलं. पण नुसतं पत्र म्हणजे काय होतं हे गुरुजींना माहीत होतं. पत्र जातं, ‘तपासून कळवतो’ असं उत्तर येतं, दोन्ही कागदांचे फोटो फेसबुकवर पडतात, विषय संपतो. म्हणून पत्राला जोडायला काहीतरी ठोस हवं होतं. मंडळाने माहितीच्या अधिकारात अर्ज केला : या स्थानकावरची गेल्या काही वर्षांची महिनावार तिकीट विक्री द्या. दहा रुपयांचा पोस्टल ऑर्डर आणि महिनाभर वाट.

आकडे आले आणि घोळ झाला

उत्तर आलं ते वाचून मंडळाचं तोंड उतरलं. थांबा अधिकृत होता त्या काळातही स्थानकाची तिकीट विक्री अगदीच किरकोळ होती. फलाटावर गर्दी आणि कागदावर शुकशुकाट.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा कणा इथे आहे. गाडीला माणसं होती, पण माणसांची नोंद नव्हती. स्थानकाचं उत्पन्न मोजताना तिथून निघणाऱ्या प्रवासाची तिकिटं धरली जातात, तिथे उतरणाऱ्यांची नाही. गावकरी सकाळी जातो आणि रात्री येतो, त्याचं परतीचं तिकीट तालुक्याच्या खात्यात. चाकरमानी मुंबईहून येतो, ते तिकीट मुंबईच्या खात्यात. तो परत जाताना आरक्षण करतो ते मोठ्या स्थानकापासून, कारण त्याची एक्स्प्रेस इथे थांबत नाही. खिडकीवर सुटे नाहीत म्हणून कोणी पुढे जाऊन तिकीट काढतो. कॉलेजच्या पोरांचे पास तालुक्यात काढलेले. आणि फुकटे असतातच. कोकण रेल्वेवर प्रवासी भाड्यासाठी अंतर 40 टक्के वाढवून धरतात, तेव्हा तिकीट चुकवायला निमित्तही तयार असतं. “आधीच जास्त घेतात, वर आणि रोज काढायचं?” हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. बोलणाऱ्याला ते बिनतोड वाटतं. पण त्याच्या बाकड्यावरची जागा हिशोबात रिकामीच राहते.

आता हे आकडे अर्जाला जोडायचे की दडवायचे? मंडळात दोन तट पडले. “आपल्याच विरोधातला पुरावा आपण कशाला देऊ?” असं उपाध्यक्ष म्हणाले, आणि हॉलमधल्या बहुतेकांना ते पटलं होतं. गुरुजींचं म्हणणं वेगळं. हे आकडे रेल्वेकडूनच आलेत, तेव्हा ते रेल्वेला ठाऊक आहेतच. आपण नाही सांगितले तर उत्तरात ते आपल्या तोंडावर येतील आणि मग आपल्याकडे बोलायला काही उरणार नाही. आधी आपण सांगू आणि असे का दिसतात तेही सांगू.

त्यासाठी दुसरी नोंद लागणार होती. काही आठवडे कॉलेजच्या मुला-मुलींनी आळीपाळीने फलाटावर वही धरली. नाव विचारायचं नाही, दोनच प्रश्न : कुठे चाललात, आणि तिकीट कुठून काढलंत? सोबत तिसरा रकाना, गाडी आज किती वाजता आली, किती वेळ उभी राहिली आणि कोणत्या रुळावर. पावसाळी वेळापत्रक संपल्यावर हे काम सुरू केलं, कारण तेव्हाच क्रॉसिंग परत या स्थानकावर आलं होतं. हा तिसरा रकाना सुचला एका बारावीच्या मुलीला. पुढे अधिकाऱ्यांनी वहीतलं सगळ्यात आधी वाचलं ते तेच.

वहीवरून दोन गोष्टी स्वच्छ दिसल्या. गाडी बहुतेक दिवस थांबत होती, आणि चढणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या खिशात या स्थानकाशी संबंध असलेलं तिकीट होतं.

अर्ज, भेट आणि व्हिडिओ

अर्ज कोणाकडे करायचा, इथेही वेळ गेला. पहिला अर्ज मंडळाने मध्य रेल्वेकडे पाठवला होता, कारण गाडी मुंबईच्या दिशेची. पण रोह्याच्या अलीकडचा मार्ग मध्य रेल्वेचा आणि पलीकडचा कोकण रेल्वे महामंडळाचा. थांब्याचा प्रस्ताव त्या-त्या प्रशासनाने तयार करायचा आणि मंजुरी रेल्वे बोर्डाकडून यायची. गाडी दिव्याऐवजी दादरला न्यावी, ही मागणी याच अर्जात होती. तिचा निर्णय तिसऱ्याच टेबलावरचा. दोन्ही मागण्या एकत्र असल्याने अर्ज या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहिला. शेवटी दादरचा परिच्छेद काढून टाकला आणि फक्त थांब्याचा अर्ज नव्याने केला. काहींना हे माघार घेणं वाटलं. दिव्याला पाटी-पिशव्यांसह जिना चढून लोकल पकडणं म्हणजे काय ते भोगलेल्या माणसाला ते वाटणारच. पण तो अर्ज कोकणातल्या सगळ्या मंडळांनी मिळून करायचा आहे, एका स्थानकाच्या खांद्यावर तो पेलणारा नाही.

खासदारांच्या पत्रासोबत प्रादेशिक अधिकाऱ्यांची भेट मिळाली. अधिकारी सज्जन होते आणि वैतागलेलेही. त्यांचे आक्षेप तीन. विक्री कमी. फलाट एकाच बाजूला, तेव्हा क्रॉसिंगला गाडी दुसऱ्या रुळावर घ्यावी लागली तर प्रवासी उतरवणार कुठे? आणि आज एका स्थानकाला दिलं तर उद्या शेजारचं येणार.

पहिल्या आक्षेपाला वही होती. तिसऱ्याला कोणाकडेच उत्तर नव्हतं, आणि ते खरंही आहे. दुसऱ्या आक्षेपावर मात्र तो व्हिडिओ निघाला.

तो दाखवू नये असं मंडळातल्या बऱ्याच जणांचं मत होतं. रेल्वेने उलट पोलीस बसवले आणि चढ-उतार बंदच केली तर? मास्तरांवर कारवाई झाली तर? मास्तर गावात मिसळलेला माणूस, त्याच्या नोकरीवर बेतेल अशी भीती खोटी नव्हती. तोड अशी काढली : व्हिडिओ कोणत्याही ग्रुपवर टाकायचा नाही, पत्रकाराला द्यायचा नाही, फक्त त्या खोलीत मोबाइलवर दाखवायचा. तारीख आणि मास्तर दिसणार नाहीत एवढाच भाग.

अधिकाऱ्यांनी तो दोनदा पाहिला. मग त्यांनी विचारलं ते थांब्याबद्दल नव्हतंच. त्यांनी विचारलं, क्रॉसिंग असताना गाडी फलाटाच्या रुळावर किती दिवस आली? वही उघडली. बहुतेक दिवस फलाटावरच आली होती. दुसऱ्या रुळावर आली ती समोरची गाडी उशिरा असताना. म्हणजे पॅसेंजरला नेहमी फलाटाचाच रूळ द्यायचा आणि समोरच्या गाडीला दुसरा, एवढा नियम केला की आक्षेप बराचसा सुटत होता. हा तोडगा अधिकाऱ्यांनी स्वतः मांडला, आणि गुरुजींनी शहाणपणाने तो त्यांचाच राहू दिला.

निकाल

मंजुरीला बराच काळ लागला. आली ती अर्धी : सकाळच्या गाडीला प्रायोगिक तत्त्वावर सहा महिन्यांचा थांबा. रात्रीच्या परतीच्या गाडीला नाही. प्रायोगिक म्हणजे मुदत संपली की विक्री बघून पुढे चालू ठेवायचा की काढायचा ते ठरणार.

उद्घाटनाला हार-तुरे, नारळ, हिरवा झेंडा, दोन पक्षांचे दोन बॅनर. ज्या बायकांच्या पाट्यांवरून हे सगळं घडलं, त्या त्या सकाळी गाडीत चढून बाजाराला निघून गेल्या. भाषणाला थांबल्या असत्या तर बाजार चुकला असता.

मग मंडळाने खरं काम सुरू केलं. घरोघर सांगितलं, तिकीट इथूनच काढा. जवळच्या अंतराचं असलं तरी, पाच मिनिटं आधी या आणि खिडकीवरून काढा. पासही इथूनच घ्या. मोबाइलवर काढणाऱ्यांसाठी ॲपमध्ये स्थानकाचं नाव कसं शोधायचं याचा कागद चिकटवला. रुळाच्या अगदी जवळ उभं राहून ॲपवर तिकीट निघत नाही आणि फलाटावर रेंजही नाही, म्हणून ते रस्त्यावरच्या वडाखालून काढून यायचं, हेही त्यात होतं. फुकट्यांना समजावण्याचं काम त्या काकींनी घेतलं. त्यांची पद्धत थोडी उग्र होती, पण लागू पडली. पहिले दोन महिने विक्री चांगली वाढली. मे महिन्यात तर फारच.

जूनमध्ये ती पडली. पावसात शेतीची कामं, बाजार पातळ, कॉलेजला सुट्टी, आणि पावसाळी वेळापत्रकाने गाडीची वेळ अडनिडी झालेली. थांबा आता कागदावर असल्याने गाडी थांबत होती. चढायला मोजकी माणसं. सहा महिन्यांच्या मुदतीतले निम्म्याहून जास्त दिवस पावसाळ्यात गेले. आढाव्यात सरासरी खाली आली आणि थांबा जातो की काय अशी वेळ आली. मंडळाने महिनावार आकडे वेगळे काढून पत्र दिलं, खासदारांकडून पुन्हा शब्द गेला, आणि मुदत वाढवून मिळाली. कायम झालेला नाही.

परतीच्या गाडीची स्थिती पूर्वीचीच. ती इथे क्रॉसिंगला थांबली तर थांबते. लोक तालुक्यातून रात्रीच्या शेवटच्या एसटीने येतात, नाहीतर वडापने, म्हणजे खासगी जीपने. सकाळी रेल्वे आणि रात्री वडाप हा हिशोब परवडत नाही म्हणून कॉलेजच्या काही मुलांनी पास काढणं सोडलं. अर्ध्या थांब्याने विक्रीही अर्धीच वाढते, हे अधिकाऱ्यांना पटवणं अजून बाकी आहे.

वेगळं काय करता आलं असतं

प्रायोगिक थांब्याची सुरुवात कधी व्हावी यावर मंडळाने काहीच मागणी केली नाही. मंजुरी आली या आनंदात तारीख तिकडूनच ठरली. नोव्हेंबरपासून सुरू करा, असं पत्र वेळेत गेलं असतं तर मुदत दिवाळी ते एप्रिल अशी पडली असती. कॉलेजं सुरू, बाजार भरलेला, शिमग्याची वर्दळ. कोकणात सहा महिने म्हणजे कोणते सहा महिने, यावर सगळं अवलंबून असतं. रेल्वेच्या नियमात तो प्रश्न येत नाही, मग तो मंडळानेच विचारायला हवा होता. माझ्या मते ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी चुकलेली संधी.

परतीचा थांबा वेगळा धरणं ही दुसरी गोष्ट. वही फक्त सकाळी धरली गेली. रात्री मुलींना फलाटावर बसवणं शक्य नव्हतं, ते खरं, पण मोठ्या माणसांची पाळी लावता आली असती. रात्रीच्या गाडीबद्दल भेटीत विचारणा झाली तेव्हा दाखवायला एक पानही नव्हतं.

एसटीचा विचार फारच उशिरा झाला. स्थानक गावठाणापासून लांब आहे, आणि आसपासच्या वाड्यांना गाडीच्या वेळेवर पोचवणारी एकही बस नव्हती. आगाराच्या व्यवस्थापकांना भेटायला मंडळ गेलं ते थांबा मिळाल्यानंतर. त्यांनी एक फेरी वीस मिनिटं अलीकडे घेतली, आणि त्या आठवड्यापासून दोन वाड्यांची माणसं गाडीला दिसू लागली. हे पहिल्या दिवसापासून झालं असतं तर आढाव्यात फरक दिसला असता.

मुंबई मंडळाला दूर ठेवण्याबद्दल माझं मत पक्कं नाही. मागणी एकच ठेवली म्हणून अर्ज टिकला, हे खरं. पण मे आणि गणपतीत गावी येणाऱ्यांनी परतताना जनरलचं तिकीट इथूनच काढलं असतं, तर स्थानकाच्या खात्यात बरीच भर पडली असती. त्यांना एक्स्प्रेस नाही दिली, निदान हे काम तरी देता आलं असतं. यंदा सचिवांशी बोलणं पुन्हा सुरू झालं आहे.

आढावा पुन्हा होणार आहे. मंडळाने या वेळी परतीच्या थांब्याचा अर्ज फेब्रुवारीतच दिला, पावसाळी वेळापत्रक ठरायच्या आत. सोबत रात्रीची वही आणि महिनावार विक्री जोडली आहे. दादरच्या मागणीसाठी शेजारच्या चार स्थानकांच्या मंडळांची एकत्र बैठक ठरत होती, ती अध्यक्ष कोण यावरून दोनदा पुढे गेली आहे.